शुक्रवारचा अल्बम, सोमवारचा अल्बम

२०१६ साली ८ जानेवारीला शुक्रवार होता. त्या दिवशी डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाला ६९ वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच दिवशी त्याचा नवा अल्बम बाजारात आला. अल्बमचं नाव 'ब्लॅकस्टार', म्हणजे काळा तारा. त्यात सात गाणी आहेत आणि सगळी मिळून साधारण ४१ मिनिटं होतात. शुक्रवारी आणि शनिवारी लोकांनी तो अल्बम ऐकला, त्याबद्दल लिहिलं, वाद घातले. रविवारी न्यूयॉर्कमध्ये बोवी गेला. सोमवारी सकाळी लंडन उठलं ते ही बातमी ऐकतच. दीड वर्षापासून त्याला कर्करोग होता, पण घरचे आणि बरोबर काम करणारी मोजकी माणसं सोडली तर कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मी कॉम्प्युटरच्या क्षेत्रात काम करतो, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. शुक्रवारी डाउनलोड केलेली गाण्याची फाइल आणि सोमवारी उघडलेली फाइल यांत एका बिटाचाही फरक नव्हता. तेच सूर, तेच शब्द, तेवढीच मिनिटं. तरीही सोमवारी जगभरचे लोक म्हणत होते, की आज हा अल्बम वेगळाच ऐकू येतोय. मला या तीन दिवसांबद्दल लिहायचं आहे.

आधी बोवी कोण ते सांगतो. तुमच्यापैकी काहींनी त्याचं नाव ऐकलं नसेल, पण टी-शर्टवर त्याचा चेहरा नक्की पाहिला असेल: लाल केस आणि चेहऱ्यावर रंगवलेली लाल-निळी वीज. त्याचं खरं नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. जन्म १९४७ चा, दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा. 'द मंकीज' या बँडमध्ये डेव्ही जोन्स नावाचा गायक होता. दोघांच्या नावात घोटाळा नको, म्हणून याने आडनाव बदललं. शाळेत असताना एका मुलीवरून भांडण झालं आणि मित्राने त्याच्या डाव्या डोळ्यावर ठोसा मारला. त्या डोळ्याची बाहुली कायमची मोठी राहिली, त्यामुळे त्याचे दोन डोळे दोन रंगांचे वाटायचे. (तो मित्र पुढे आयुष्यभर मित्रच राहिला. बोवीच्या रेकॉर्डच्या कव्हरांसाठी त्याने कामही केलं!)

१९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरण्याच्या काही दिवस आधी त्याचं 'स्पेस ऑडिटी' हे गाणं आलं. त्यात मेजर टॉम नावाचा अंतराळवीर यानातून बाहेर पडतो आणि परत येत नाही. १९७२ मध्ये बोवीने झिगी स्टारडस्ट नावाचं एक पात्र उभं केलं: दुसऱ्या ग्रहाशी नातं सांगणारा रॉक गायक. लोक झिगीच्या प्रेमात पडले. आणि १९७३ च्या जुलैमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या कार्यक्रमात त्याने हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचं जाहीर करून टाकलं. प्रेक्षक रडायला लागले. त्यांना वाटलं, बोवीच गाणं सोडतोय. खरं तर निरोप झिगी घेत होता. बोवी पुढे गेला, बर्लिनला राहिला, तिथे इलेक्ट्रॉनिक आवाजांशी खेळला. १९८३ मध्ये 'लेट्स डान्स' करून त्याने सगळ्या जगाला नाचवलं. एक रूप लोकांच्या अंगवळणी पडलं की ते टाकायचं आणि दुसरं घ्यायचं, असं त्याचं चालायचं. आपल्याकडे अशा माणसाला बहुरूपी म्हणतात. पूर्वी गावोगावी बहुरूपी यायचे. आज पोलीस, उद्या साधू, परवा आणखी कोणी. दारात उभा राहिलेला पोलीस खरा नाही हे कळायलाच दोन मिनिटं जायची.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मी बोवीला 'तो' म्हणतोय, 'ते' नाही. मराठीत मोठ्या माणसाला आदरार्थी बोलतात, हे तुम्ही शिकलात. पण फार आवडत्या कलाकाराला किंवा खेळाडूला आपण सर्रास एकेरीत आणतो. 'सचिन काय खेळला!' असंच म्हणतात, 'सचिन काय खेळले' असं कोणी म्हणत नाही. तसंच हे.

आता वयाबद्दल. रॉक संगीताची आणि म्हातारपणाची फारशी मैत्री नाही. हे संगीत तरुणांनी तरुणांसाठी सुरू केलं. साठी ओलांडलेल्या रॉक गायकाकडून लोकांची एकच मागणी असते: जुनी गाणी म्हणा. नवं गाणं सुरू झालं की प्रेक्षक पाणी आणायला उठतात. मी लहानाचा मोठा झालो ते संगीत वेगळं होतं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सत्तरीचा गायक मंचावर आला की मंडपातली कुजबुज थांबते. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म १९१० चा, आणि ते ऐंशीच्या घरात असतानाही लोक त्यांना ऐकायला गर्दी करायचे. आवाज थकला असेल, दम कमी पडत असेल, पण आता राग कसा दिसतोय ते ऐकायचं असतं. त्यामुळे मला रॉकमधला हा नियम कधी नीट पटलाच नाही.

बोवीलाही तो पटला नसावा. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका कार्यक्रमानंतर त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याने दौरे बंद केले. जवळजवळ दहा वर्षं नवा अल्बम नाही. लोकांनी धरून चाललं, की हा निवृत्त झाला. आणि २०१३ मध्ये, ६६व्या वाढदिवसाला, पहाटे कोणतीही जाहिरात न करता त्याने एक नवं गाणं प्रसिद्ध केलं आणि पाठोपाठ मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा अल्बम आणला. दोन वर्षं तो गुपचूप रेकॉर्डिंग करत होता. वादकांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. इंटरनेटच्या काळात एवढं गुपित सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही. आमच्या ऑफिसात दुपारच्या बैठकीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेली असते.

'ब्लॅकस्टार'ची सुरुवात झाली ती एका छोट्या क्लबात. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये '५५ बार' नावाची तळघरासारखी जागा होती. तिथे डॉनी मॅकॅस्लिन हा सॅक्सोफोनवादक आपल्या जोडीदारांबरोबर जॅझ वाजवायचा. मारिया श्नायडर या संगीतकार बाईंनी बोवीला त्याचं नाव सुचवलं होतं. २०१४ मध्ये एका रात्री बोवी तिथे जाऊन बसला, ऐकलं आणि निघून गेला. नंतर मॅकॅस्लिनला त्याचा ईमेल आला. २०१५ च्या सुरुवातीला हे सगळे न्यूयॉर्कच्याच 'मॅजिक शॉप' स्टुडिओत जमले. रॉक वाजवणाऱ्या नेहमीच्या मंडळींना न बोलावता त्याने जॅझवाल्यांना बोलावलं, आणि त्यांच्याकडून जॅझही वाजवून घेतलं नाही. टोनी व्हिस्कॉन्टी हा निर्माता १९६० च्या दशकापासून बोवीबरोबर काम करत होता. त्याने सांगितलं आहे, की त्या दिवसांत ते केंड्रिक लमार या तरुण रॅपरचा अल्बम ऐकत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस आपल्या मुलाहून लहान कलाकाराकडून काय घेता येईल ते बघत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

तर, शुक्रवार. समीक्षकांनी अल्बमची बहुतेक करून स्तुतीच केली. मात्र ती कशाबद्दल होती ते पाहा. म्हातारा बोवी अजून धाडस करतो, सॅक्सोफोन काय सुंदर आहे, पहिलं गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं आहे आणि मध्येच त्याची चाल पूर्ण बदलते, असं सगळं. शब्दांचा अर्थ लावायचे प्रयत्नही झाले. शीर्षकगीत 'इसिस' या दहशतवादी संघटनेबद्दल आहे, असं बोवी म्हणाल्याचं मॅकॅस्लिनने सांगितलं होतं. बोवीच्या बाजूने ते नाकारलं गेलं. 'गर्ल लव्हज मी' या गाण्याचे शब्द तर कोणाच्याच डोक्यात शिरले नाहीत, कारण त्यात दोन चोरभाषा मिसळल्या आहेत. एक अँथनी बर्जेस या लेखकाने 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीसाठी रचलेली, आणि दुसरी लंडनच्या नाटकवाल्यांमध्ये आणि समलिंगी लोकांमध्ये पूर्वी बोलली जाणारी पोलारी. मराठी ऐकताना निम्मे शब्द सुटले तर तुम्हाला जसं वाटतं ना, तसं त्या गाण्यात भल्याभल्या इंग्रजांना वाटलं! तरीही ठेका कळतो, रागावलाय का चेष्टा करतोय तेही कळतं.

अल्बम येण्याच्या आदल्या दिवशी 'लाझरस' या गाण्याचा व्हिडिओ आला होता. लाझरस हे बायबलमधलं नाव. मेलेल्या लाझरसला येशू ख्रिस्त पुन्हा जिवंत करतो, अशी ती गोष्ट आहे. व्हिडिओत बोवी दवाखान्यासारख्या खाटेवर पडलेला आहे. डोळ्यांवर पट्टी, आणि डोळ्यांच्या जागी दोन बटणं. मधेच तो टेबलाशी बसून घाईघाईने काहीतरी लिहितो. शेवटी थरथरत मागे मागे जातो, एका लाकडी कपाटात शिरतो आणि आतून दार लावून घेतो. शुक्रवारी लोक म्हणाले: वा, काय नाटकी आहे! बहुरूप्याचं आणखी एक सोंग.

सोमवारी तोच व्हिडिओ बघवेना. खाट खरी होती, आजार खरा होता. बातमी आल्यावर काही तासांतच व्हिस्कॉन्टीने लिहिलं, की हा अल्बम म्हणजे बोवीने आपल्यासाठी मागे ठेवलेली निरोपाची भेट आहे.

'निरोप' हा शब्द जरा नीट पाहा. 'आईने तुझ्यासाठी निरोप ठेवलाय' म्हणजे आईने काहीतरी कळवलं आहे. 'निरोप घेतला' म्हणजे सोडून जाण्याआधी शेवटची भेट झाली. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात, मराठीत एकच पुरतो. शुक्रवारी लोक गाण्यांतला पहिल्या अर्थाचा निरोप शोधत होते. सोमवारी त्यांना दुसऱ्या अर्थाचा सापडला, आणि पहिला शोधणारे कमी झाले.

त्या संध्याकाळी ब्रिक्स्टनमध्ये गर्दी जमली. ट्यूब स्टेशनसमोरच्या गल्लीत भिंतीवर बोवीचं मोठं चित्र आहे, तेच वीज रंगवलेल्या चेहऱ्याचं. २०१३ मध्ये जिमी सी या चित्रकाराने ते काढलं होतं. त्या चित्राखाली फुलांचा ढीग साचला. मेणबत्त्या, पत्रं, कोणी जुनी रेकॉर्ड आणून ठेवलेली. जवळच्या 'रिट्झी' सिनेमाने आपल्या पाटीवरून सिनेमांची नावं काढली आणि तिथे आपल्या ब्रिक्स्टनच्या पोराला श्रद्धांजली लिहिली. लोक रस्त्यात उभे राहून त्याची गाणी म्हणत होते. आपल्याकडे एखादं माणूस गेलं की लोक त्याच्या घरी जाऊन बसतात, फारसं बोलत नाहीत, चहा पितात, उठतात. बोवीचा जाहीर अंत्यविधी झालाच नाही. कोणताही समारंभ न करता दहन झालं. मग त्याच्या चाहत्यांनी जाऊन बसायचं कुठे? म्हणून ती भिंतच घर झाली.

यानंतर मात्र जे सुरू झालं त्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे. लोक प्रत्येक गोष्टीत मृत्यूची खूण शोधायला लागले. एल्विस प्रेस्लीने १९६० मध्ये 'ब्लॅक स्टार' नावाचं मरणाबद्दलचं एक गाणं म्हटलं होतं आणि एल्विसचाही वाढदिवस ८ जानेवारी, म्हणजे नाव तिथून आलं असणार! शीर्षकगीताच्या व्हिडिओत अंतराळवीराच्या पोशाखात रत्नं जडवलेली कवटी दिसते, म्हणजे मेजर टॉम शेवटी मेला! कव्हरवर पहिल्यांदाच बोवीचा फोटो नाही, नुसता काळा तारा आहे, म्हणजे तो आधीच नाहीसा झाला होता! यातलं काही खरं असेलही. बोवीला कोडी घालायला आवडायची. पण हळूहळू एक गुळगुळीत गोष्ट तयार झाली: त्याला मरणाची तारीख जणू ठाऊक होती, त्याने सगळं ठरवून केलं आणि अल्बम हातावेगळा करून शांतपणे डोळे मिटले.

ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण जवळच्या माणसांनी सांगितलेलं वेगळं आहे. 'लाझरस'चा दिग्दर्शक योहान रेंक सांगतो, की खाटेची कल्पना त्याची स्वतःची होती, बायबलच्या गोष्टीवरून सुचलेली. उपचार थांबवायचे, आता उपाय नाही, हे बोवीला त्या व्हिडिओचं चित्रीकरण चालू असताना कळलं, असं २०१७ च्या बीबीसीच्या माहितीपटात पुढे आलं. म्हणजे गाणी रेकॉर्ड करताना तो आजारी होता, केमोथेरपी घेऊन स्टुडिओत यायचा, केस गेले होते, पण बरं होण्याची आशा होती. आणि व्हिस्कॉन्टीनेच सांगितलेली दुसरी गोष्ट: मरणाच्या साधारण आठवडाभर आधी बोवीने त्याला फोन केला होता. आणखी एक अल्बम करू म्हणाला. पाच नवीन गाण्यांचे कच्चे नमुने त्याने घरी करून ठेवले होते.

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर आजी अजूनही रागावते. जगाने सोमवारी बोवीचं 'जातो' ऐकलं. त्या फोनवरचा बोवी मला 'येतो' म्हणणारा वाटतो.

म्हणून मला शुक्रवारचे श्रोतेही महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याकडे कमी माहिती होती, पण त्यांनी अल्बम अल्बमसारखा ऐकला. ढोलकऱ्याचा, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या मार्क जुलियानाचा हात किती जलद चालतो, सॅक्सोफोन कुठे ओरडतो आणि कुठे कुजबुजतो, बोवीचा आवाज कुठे मुद्दाम पातळ केला आहे, हे त्यांच्या कानांनी टिपलं. मन्सूरांना ऐकताना कोणी सारखं त्यांचं वय मोजत बसलं तर शेजारचा माणूस त्याला गप्प करील. मृत्यूची बातमी विसरता येत नाही, हे कबूल. मलाही येत नाही. पण गाण्यात ती एकटीच नाही. 'डॉलर डेज'मध्ये इंग्लंडची आठवण आहे, इतर गाण्यांत राग आहे, चावटपणा आहे, थोडी फजिती आहे. शोकसभेत यातलं अर्धं बाजूला ठेवावं लागतं.

पुढचा हिशोब पटकन सांगतो. 'ब्लॅकस्टार' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेतही गेला, आणि तिथे बोवीचा हा पहिलाच अल्बम होता जो पहिला आला. पन्नास वर्षं गाऊन त्याला हयातीत स्पर्धेतला एकच ग्रॅमी मिळाला होता, तोही व्हिडिओसाठी. २०१७ मध्ये या एका अल्बमला पाच मिळाले. त्याच साली ८ जानेवारीला, तो असता तर सत्तर वर्षांचा झाला असता त्या दिवशी, याच रेकॉर्डिंगमधली उरलेली तीन गाणी 'नो प्लॅन' या नावाने आली. ठरवून केलेल्या मरणाची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे नाव पुन्हा एकदा वाचावं, असं मला उगाच वाटून गेलं.

आणि एक मजा. कव्हर करणारा जोनाथन बार्नब्रुक याने मोठ्या रेकॉर्डच्या काळ्या पाकिटाला ताऱ्याच्या आकाराचं भोक ठेवलं आहे. अल्बम येऊन काही महिने झाल्यावर एका चाहत्याने ते पाकीट उघडून उन्हात ठेवलं, तर आतल्या काळ्या कागदावर चांदण्या दिसायला लागल्या. तोपर्यंत ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रेकॉर्ड घरोघरी कपाटांत होत्या, पण त्यांना ऊन कोणी दाखवलं नव्हतं.

तुम्हाला ऐकायचा असेल तर एक सुचवतो. 'लाझरस'च्या व्हिडिओने सुरुवात करू नका, तो नंतर बघा. आधी बोवीचा १९७७ चा 'लो' हा अल्बम काढा. त्यात 'अ न्यू करिअर इन अ न्यू टाउन' नावाचं शब्द नसलेलं गाणं आहे, माउथ ऑर्गन वाजतो ते. तो आवाज कानात बसू द्या. मग हेडफोन लावा आणि 'ब्लॅकस्टार' पहिल्या गाण्यापासून क्रमाने लावा. सातवं, शेवटचं गाणं सुरू झालं की कान द्या. तिथे पुन्हा माउथ ऑर्गन येतो.